टीव्ही घेण्याआधी पडद्यामागचा उजेड ओळखा

"दादा, साधा एलईडी घेऊ की क्यूएलईडी? का थोडे पैसे घालून ओएलईडीच घेऊन टाकू?" दुकानात रोज कुणी ना कुणी हे विचारतं. मी कराडला टीव्ही दुरुस्त करतो. आयटीआय झाल्यावर पिक्चर ट्यूबच्या सेटवर हात बसला, आता टेबलावर बहुतेक एलईडीच असतात. मी टीव्ही विकत नाही, त्यामुळे कुणी कुठला घेतला यात माझा नफा-तोटा नाही. पण घराला न शोभणारा सेट घेतलेलं गिऱ्हाईक काही वर्षांनी माझ्याकडेच येतं, आणि "पॅनल गेलंय, आता नवीनच बघा" हे त्याला सांगताना जीव तुटतो. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

खोक्यावरची नावं आधी बाजूला ठेवा. कुठलाही पडदा समोर आला की एवढंच विचारा: यात उजेड तयार कुठं होतो, आणि नको तिथं तो अडवतं कोण? याचं उत्तर हाती आलं की काळा रंग किती काळा दिसेल, बाजूनं बघताना रंग उडतील का, पळता बॉल पुसट होईल का आणि सेट पुढं कशानं बंद पडेल, हे सगळं त्यातूनच उलगडत जातं.

पिक्चर ट्यूबपासून सुरुवात करू, कारण आपले डोळे त्यावर तयार झालेत. तिच्यात उजेड पडद्याच्या काचेवरच तयार व्हायचा. मागच्या गनमधून इलेक्ट्रॉनचे झोत निघायचे, रंगीत सेटमध्ये वीस-पंचवीस हजार व्होल्ट त्यांना पुढं खेचायचे, आणि काचेला आतून लावलेल्या फॉस्फरवर ते आदळले की तेवढा ठिपका चमकायचा. कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञानं 1897 मध्ये अशी नळी तयार केली आणि पुढं शंभर वर्षं पडदा म्हणजे हीच नळी होती. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, 1982 मध्ये रंग आले, तेव्हाही घराघरांत हेच तंत्र होतं. आपल्याकडचं चित्र 625 ओळींचं, त्यातल्या 576 ओळी डोळ्यांना दिसणाऱ्या. सेकंदाला 25 पूर्ण चित्रं, तीही एकाआड एक ओळ काढत 50 फेऱ्यांमध्ये.

या नळीचे दोन गुण नीट लक्षात ठेवा, कारण नव्या सेटची पारख त्यावरच करायची आहे. पहिला, ठिपका चमकायचा आणि लगेच विझायचा. त्यामुळं धावणारी गोष्ट लख्ख दिसायची. दुसरा, पडद्यावर ठरावीक संख्येचे चौकोन नव्हते. आलेलं चित्र झोत आपल्या ओळींमध्ये काढायचा, म्हणून सिग्नल साधा असला तरी चित्र मऊ आणि एकसंध वाटायचं. बाजूला बसून बघितलं तरी रंग तेच. तोटेही खरेच होते. 29 इंची सेट उचलायला दोन माणसं लागायची, स्पीकर जवळ ठेवला तर त्याच्या चुंबकानं कोपऱ्यात जांभळे-हिरवे डाग पडायचे, आणि ट्यूब वीक झाली की चित्र उजळायला पाच-दहा मिनिटं लागायची. आज पिक्चर ट्यूबचा सेट विकत घ्या असं मी कुणालाही सांगणार नाही, सुटे भागच मिळत नाहीत. पण "जुन्या टीव्हीवर क्रिकेट जास्त चांगलं दिसायचं" असं कुणी म्हणालं तर त्याला वेड्यात काढू नका, त्यात तथ्य आहे.

मध्ये प्लाझ्मा येऊन गेला. काचेच्या बारीक कप्प्यांत निऑन-झेनॉन वायू, विजेनं त्यातून अतिनील किरणं निघायची आणि फॉस्फर चमकायचा. चित्र सुरेख, पण सेट जड, गरम आणि वीज खाणारा. 2014 च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी तो बंद केला. आज कुणी जुना प्लाझ्मा स्वस्तात देत असेल तरी घेऊ नका.

आता मुख्य गोष्ट. एलसीडीमध्ये चित्र बनवणारी काच स्वतः उजेड देतच नाही. मागं दिवे सतत चालू असतात आणि पुढं द्रवस्फटिकांचा थर असतो. प्रत्येक ठिपक्याला वीज कमी-जास्त मिळते, तसे स्फटिक फिरतात आणि उजेड सोडतात किंवा अडवतात. अडवताना थोडा उजेड निसटतोच, बंद दाराच्या फटीतून यावा तसा. म्हणून रात्री दिवे घालवून सिनेमा बघताना काळा भाग करडा दिसतो. सुरुवातीच्या एलसीडी सेटमध्ये मागचे दिवे म्हणजे पेन्सिलीहून बारीक ट्यूबलाइट होत्या, त्यांत पारा असायचा. पुढं त्यांच्या जागी एलईडी आले आणि दुकानदारानं पाटीवर 'एलईडी टीव्ही' लिहिलं. काच तीच राहिली, फक्त मागचे दिवे बदलले.

हा सेट उघडल्यावर आत काय दिसतं ते सांगतो. पुढची काच दोन्ही हातांनी अलगद उचलावी लागते, कारण तिच्या कडेला केसाएवढ्या तारांच्या पिवळसर फिती चिकटवलेल्या असतात. एक उचकटली की पडद्यावर कायमची उभी रेघ येते. काचेखाली दुधी रंगाचे दोन-तीन कागद निघतात. ते काढले की पांढरा शुभ्र तळ आणि त्यावर अॅल्युमिनियमच्या लांब स्ट्रिप, प्रत्येक दिव्यावर छोटीशी गोल भिंग. भिंग काढून बघितलं की जळालेला दिवा लगेच ओळखू येतो, पिवळ्या चिपच्या मधोमध काळा ठिपका असतो. हे दिवे सिरीजमध्ये जोडलेले असतात. त्यामुळं एक गेला की अख्खी ओळ जाते, आणि बऱ्याच सेटमध्ये बोर्ड सगळेच दिवे बंद करून टाकतो. मी कधीच एक दिवा बदलून सेट परत देत नाही, पूर्ण स्ट्रिपचा जोड टाकतो आणि करंट थोडा उतरवतो. बाकीचे दिवे त्याच वयाचे असतात, महिन्याभरात दुसरा जातो आणि गिऱ्हाइकाला पुन्हा हेलपाटा पडतो.

यावरून घरी करायची एक तपासणी. आवाज येतोय पण चित्र नाही, अशी तक्रार असेल तर खोलीत अंधार करा, रिमोटचा मेनू दाबा आणि मोबाईलचा टॉर्च पडद्याला अगदी जवळ, तिरका धरून बघा. मेनूची अक्षरं पुसट दिसली तर काच शाबूत आहे, मागचे दिवे गेलेत. दुरुस्ती आवाक्यातली आहे, सेट भंगारात घालू नका. पडद्यावर उभ्या रेघा असतील किंवा काचेला आतून कोळ्याच्या जाळ्यासारखी चीर असेल, तर पॅनल गेलं. त्याची किंमत नव्या टीव्हीच्या जवळ जाते.

एलसीडीच्या काचेचे बाजारात मुख्य दोन प्रकार आहेत, आयपीएस आणि व्हीए. व्हीएचा काळा जास्त गडद. समोरून बघताना उजळ आणि काळा यांतला फरक आयपीएसमध्ये साधारण हजारपट, तर चांगल्या व्हीएमध्ये तीन ते पाच हजारपट भरतो. पण बाजूला सरकलात की व्हीएचे रंग फिके पडतात आणि आयपीएसचे बऱ्यापैकी टिकतात. आपल्या घरांत ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. सोफ्यावर समोर बसून बघणारा एकटा असतो. आजी भिंतीलगतच्या दिवाणवर असते, आई स्वयंपाकघराच्या दारातून मालिका बघते, मुलं खाली सतरंजीवर लोळतात. घरात सगळे असे पसरून बसत असतील तर आयपीएस बघा. दोघंच असाल, समोर बसत असाल आणि रात्री सिनेमे बघत असाल तर व्हीए. खोक्यावर हे बहुधा लिहिलेलं नसतं, तेव्हा डोळ्यांनीच तपासायचं. कसं ते पुढं येतंय.

क्यूएलईडी म्हणजे याच एलसीडीच्या निळ्या दिव्यांपुढं क्वांटम डॉटचा एक थर. हे कण इतके बारीक असतात की त्यांच्या आकारावरून रंग ठरतो, आणि लाल-हिरवा फार शुद्ध मिळतो. याच कणांच्या शोधासाठी बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना 2023 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. रंगांत फरक खरंच दिसतो, विशेषतः हळदीच्या पिवळ्यात आणि पैठणीच्या लाल काठात. पण काळा रंग तेवढाच करडा राहतो, कारण उजेड अजून मागूनच येतोय. तो सुधारायचा तर मागच्या दिव्यांचे वेगळे कप्पे करावे लागतात, चित्र काळं तिथला कप्पा मंद. मिनी-एलईडी ते काम करतो, हजारो बारीक दिवे आणि शेकडो कप्पे. मला हा प्रकार मनापासून आवडतो. विकणाऱ्याला कप्पे किती आहेत ते विचारा. आकडा सांगता आला नाही तर पांढऱ्या अक्षरांची पुढं सांगितलेली परीक्षा घ्या.

ओएलईडीमध्ये मागं दिवे नाहीत. प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो, स्वतः विझतो. या बाबतीत तो पिक्चर ट्यूबच्या कुळातला आहे. कोडॅक कंपनीतल्या टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी 1987 मध्ये असा सेंद्रिय दिवा दाखवला, 2007 मध्ये सोनीनं 11 इंची टीव्ही काढला आणि 2013 मध्ये 55 इंची सेट बाजारात आले. काळा म्हणजे पूर्ण काळा, बाजूनंही रंग शाबूत, ठिपका बदलायला मिलिसेकंदाच्या काही अंशांएवढाच वेळ. अंधाऱ्या खोलीत याच्या तोडीचं चित्र दुसरं नाही.

मग मी तो सगळ्यांना का सुचवत नाही? कारण हे सेंद्रिय रसायन वापरानं झिजतं, आणि जो ठिपका जास्त पेटतो तो आधी झिजतो. आपल्याकडं कितीतरी घरांत सकाळपासून रात्रीपर्यंत एकच बातम्यांचं चॅनल लागलेलं असतं. खाली लाल पट्टी, कोपऱ्यात लोगो, तोच रंग त्याच जागी. अशा घरात ओएलईडीवर काही वर्षांनी त्या पट्टीची सावली कायमची उमटते. कंपन्यांनी यावर उपाय घातलेत. लोगोचा भाग आपोआप मंद होतो, चित्र अधूनमधून ठिपकाभर सरकतं आणि सेट रिमोटनं बंद केल्यावर तो आतल्या आत ठिपक्यांची झीज मोजून बरोबरी करून घेतो. या शेवटच्या कामाला बंद असतानाही वीज लागते. आपल्याला लहानपणापासून सवय आहे ती झोपताना बोर्डाचं बटण बंद करायची. ओएलईडी असेल तर रिमोटनं बंद करा आणि बोर्ड चालू ठेवा. वळवाच्या पावसात विजा चमकायला लागल्या की मात्र प्लगही काढा आणि डिशची वायरही. विजेनं सेट जातो तो बऱ्याचदा वायरीतून.

दुसरं कारण उजेडाचं. दुपारी हॉलमध्ये ऊन येत असेल तर ओएलईडी मागं पडतो. पूर्ण पडदा पांढरा झाला की तो स्वतःच उजेड कमी करतो. तिथं मिनी-एलईडी किंवा चांगला क्यूएलईडीच बरा.

आता दुकानात जाऊन तुलना कशी करायची. घरून एक पेन ड्राइव्ह न्या. त्यात मोबाईलवर बनवलेली कोरी चित्रं टाका: एक पूर्ण काळं, एक मध्यम करडं, एक काळ्यावर बारीक पांढऱ्या अक्षरांचं. शिवाय घरातल्या कुणाचा तरी उन्हात काढलेला चेहऱ्याचा फोटो. ओळखीच्या चेहऱ्याचा रंग चुकला तर आपल्याला लगेच कळतं, डेमोमधल्या पोपटाचा खरा रंग कुणाला माहीत असतो? दुकानातले सेट भडक दिसतील असे लावून ठेवलेले असतात. विकणाऱ्याला म्हणा, "दादा, शॉप मोड काढा, होम करा आणि चित्र सिनेमा किंवा मूव्हीवर आणा." तुलना करायचे सगळे सेट याच मोडवर हवेत.

काळं चित्र लावा आणि दोन्ही हातांचा आडोसा करून पडद्याच्या कोपऱ्यांत डोकवा. पांढरट डाग दिसले तर मागचा उजेड कडेनं गळतोय. पांढऱ्या अक्षरांच्या चित्रात अक्षरांभोवती धुरकट वलय दिसलं तर कप्पे कमी आहेत. करड्या चित्रात उभे पट्टे किंवा मळकट ढग दिसतात का बघा. दुकानात ते क्षुल्लक वाटतात, पण क्रिकेटमध्ये कॅमेरा हिरव्या मैदानावरून फिरला की तेच डाग डोळ्यांत खुपतात. मग चेहऱ्याचा फोटो लावून तुमच्या घरातला दिवाण जिथं येईल तेवढं बाजूला जाऊन उभे राहा. चेहरा राखाडी झाला तर काच व्हीए आहे.

यानंतर सेट-टॉप बॉक्स जोडायला लावा आणि एचडी नसलेलं, घरी रोज बघता ते चॅनल लावा. विकणारा कंटाळा करेल, तरी आग्रह धरा. त्या चॅनलचं चित्र 720 गुणिले 576 ठिपक्यांचं, म्हणजे सव्वाचार लाखाच्या आत. फोरके पडद्यावर ठिपके 83 लाखांच्या आसपास. म्हणजे चॅनलकडून एक ठिपका येतो तेव्हा सेटला पडद्यावर वीस भरायचे असतात, उरलेले एकोणीस त्याच्या अंदाजाचे. हा अंदाज चांगला करणारा प्रोसेसर महाग असतो, आणि स्वस्तातल्या मोठ्या सेटमध्ये काटछाट तिथंच होते. म्हणूनच "एवढा मोठा टीव्ही आणला आणि चित्र जुन्यापेक्षा फुटकं" ही तक्रार येते. त्याच चॅनलवर बातम्यांची सरकती पट्टी वाचून बघा. अक्षरांना शेपूट दिसलं तर ती काच मंद आहे. मोशन स्मूदिंग, म्हणजे हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग, चालू असेल तर आधी बंद करायला लावा, नाहीतर सिनेमासुद्धा मालिकेसारखा दिसतो.

डोळे दुखण्याचा त्रास असलेल्यांनी आणखी एक करावं. पडद्याचा उजेड वीस-तीस टक्क्यांवर आणा, मोबाईल कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर एक हजारांश सेकंदाच्या आसपास ठेवा आणि पडदा बघा. काळे पट्टे सरकताना दिसले तर दिवे वेगानं उघडझाप करतायत. सगळ्यांना त्याचा त्रास होत नाही, पण ज्यांचं डोकं चढतं त्यांना खरंच चढतं. मोबाईलच्या अॅमोलेड पडद्यालाही (तोही ओएलईडीचाच प्रकार) हीच परीक्षा लागू.

किती इंच? जुना 21 इंची सेट चौकोनी होता, नवे पडदे रुंद आहेत. उंची बघाल तर जुन्या 21 इंचीएवढं चित्र 26 इंची रुंद पडद्यात येतं, म्हणजे 32 घेतला तरी ते मोठंच. निरोगी डोळ्याला 43 इंची फुल एचडी पडद्यावरचे ठिपके साधारण साडेपाच फुटांच्या आत गेल्यावर वेगळे दिसतात, 55 इंचीवर सात फुटांच्या आत. तुम्ही नऊ-दहा फुटांवर बसणार असाल तर 43 इंचीत फोरकेसाठी जास्त पैसे घालू नका, तेच पैसे चांगल्या काचेत घाला. आता बऱ्याच कंपन्या 43 फोरकेमध्येच देतात, मग प्रश्नच नाही. एचडीआरच्या, म्हणजे उजळ भाग जास्त उजळ आणि गडद भाग जास्त गडद दाखवणाऱ्या सिग्नलच्या, शिक्क्याचंही तसंच. सेट तो सिग्नल घेतो एवढाच त्याचा अर्थ. साधा एलईडी 250 ते 300 निट (पडद्याच्या उजेडाचं माप) उजेड देतो, तेवढ्यात एचडीआरचा झगमगाट दिसत नाही.

परवा एक मावशी आल्या, मुलगा पुण्याहून ओएलईडी पाठवतो म्हणत होता. मी विचारलं, "मावशी, दिवसभर काय लावता?" म्हणाल्या, "सकाळी कीर्तन, मग बातम्या, संध्याकाळी मालिका. बंद कधी करतच नाही, सोबत वाटते." हॉलला पूर्वेची मोठी खिडकी. मी मुलाशी फोनवर बोललो, आयपीएस काचेचा 43 इंची एलईडी घ्यायला सांगितला आणि उरलेल्या पैशांत चांगला स्टॅबिलायझर आणि साउंडबार. म्हातारपणी चित्रापेक्षा आवाज स्पष्ट असण्याची गरज जास्त असते, आणि पातळ सेटचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागं भिंतीकडं तोंड करून असतात.

सेट घरी आला की सेटिंगमध्ये 'बॅकलाइट' शोधा आणि शंभरावरून साठ-सत्तरवर आणा. माझ्याकडं येणाऱ्या जळालेल्या स्ट्रिपपैकी बहुतेक शंभरावर चाललेल्या असतात. 'ब्राइटनेस' नावाचं सेटिंग बऱ्याच सेटमध्ये वेगळं असतं, ते काळ्याची पातळी बदलतं. त्याला हात लावू नका. पडद्यावर काच पुसायचा निळा स्प्रे कधीही मारू नका, वरचा लेप जातो. पाणी थेंबभर उतरून खालच्या कडेच्या फितींत गेलं की रेघा आल्याच. मऊ कापड किंचित ओलं करून, सेट थंड असताना, दाब न देता पुसा.

जुना पिक्चर ट्यूबचा सेट भंगारवाल्याला देऊ नका. तो तांब्यासाठी ट्यूब फोडतो. काचेत शिसं असतं, आत पोकळी असते आणि काच उडते. मागचं झाकण स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये झटका शिल्लक राहतो. नवा घेताना एक्स्चेंजमध्ये द्या, किंवा नगरपालिकेच्या ई-कचरा संकलनात.

डिलिव्हरी आली की माणूस उभा असतानाच सेट चालू करा आणि पेन ड्राइव्हमधली तीच करडी-काळी चित्रं लावून पूर्ण पडदा बघा. काचेची चीर वॉरंटीत बसत नाही, तो निघून गेल्यावर सांगून उपयोग होत नाही. बिलावर मॉडेल नंबर पूर्ण लिहून घ्या, कारण एकाच नावाखाली वेगवेगळी पॅनल येतात. खोकं आणि थर्माकोल महिनाभर तरी जपून ठेवा, सेट बदलून घ्यायची वेळ आली तर त्यातच न्यावा लागतो.